पत्रिका, तेरवी, अर्ज, फ्लेक्स : कोणत्या कागदाला कोणता फॉन्ट लावायचा

फॉन्टचा विषय निघाला की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असते, "भाऊ, छानसा एखादा लावून द्या ना." आता छानसा म्हणजे काय? लग्नाच्या पत्रिकेवर जो छान दिसून राहिला तोच उचलून कलेक्टर ऑफिसच्या अर्जाला लावला तर तिथल्या बाबूला वाटेल ह्याने आमंत्रणच पाठवलं का काय. म्हणून मी आधी उलट विचारतो, हे वाचणार कोण, कुठून वाचणार म्हणजे हातात धरून, मोबाईलवर की आपल्या नागपूरच्या वर्धा रोडवरून गाडी हाणता हाणता, आणि वाचून झाल्यावर त्याने करायचं काय. एवढं समजलं की अर्धे फॉन्ट आपोआप गळून पडतात, मग उरलेल्यातून मूड पाहून निवडायचं, आणि तेही वाटते तितकं अवघड नाही.

इथे मी जास्त करून देवनागरीबद्दलच लिहितोय. इंग्रजी फॉन्ट कसे निवडावे ह्यावर नेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत, पण ते सल्ले जसेच्या तसे मराठीला लावले की गडबड होते. सेरिफ (अक्षराच्या टोकांना बारीक शेपट्या असलेले) अन् सॅन्स सेरिफ (बिनशेपटीचे) ही वाटणी मुळात रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरांची आहे. आपल्या अक्षराला वर शिरोरेघ, त्याच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार लटकलेले, मधात जोडाक्षरं दाटीवाटीने बसलेली, सगळा हिशोबच वेगळा.

मूड येतो कुठून

अक्षराचा मूड दोन ठिकाणांहून येतो असं माझं मत आहे. एक त्याच्या आकारातून, आणि दुसरं म्हणजे वाचणाऱ्याने ते वळण आधी कुठं पाहिलं आहे त्याच्यातून. दुसऱ्या गोष्टीकडे लोकं लक्षच देत नाही.

आकाराचं आधी पाहू. देवनागरी बोरूने लिहिली जायची, बोरूचं टोक तिरपं कापलेलं, आणि तो काप रोमन लिहिणाऱ्यांच्या पेनाच्या उलट बाजूला. त्यामुळे एकाच अक्षरात कुठं रेघ जाड, कुठं बारीक होते. हा जाड-बारीकपणा ज्या फॉन्टात भरपूर आहे तो पारंपरिक, गंभीर, थोडा भारदस्त वाटतो. जिथं रेघ सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची आहे, जसं मुक्ता, हिंद, पॉपिन्स, तिथं मजकूर आजचा, साधा, कामापुरता बोलणारा वाटतो. पॉपिन्स तर अजूनच गोल अन् मोजूनमापून काढल्यासारखा आहे, म्हणून कंपनीच्या प्रेझेंटेशनला शोभतो आणि आजीच्या पंचाहत्तरीच्या पत्रिकेला थंड वाटतो. कडा गोल केलेल्या असल्या की अक्षर लाडिक होते, बालू फॉन्ट पाहा, कापलेल्या चौकोनी कडा असल्या की कडक होते. रुंदीचंही तसंच आहे, तेको किंवा खांड सारखे अरुंद, उंच फॉन्ट ओरडल्यासारखे वाटतात, बातमीच्या मथळ्यासारखे, आणि ऐसपैस रुंद अक्षर निवांत वाटते. कलम हा फॉन्ट हाताने लिहिल्यासारखा आहे, तो घरगुती, जवळिकीचा.

आता दुसरी गोष्ट. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे, म्हणजे जावजी दादाजींच्या त्या छापखान्याचे, खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, इतके सुबक होते की संस्कृत ग्रंथ, पोथ्या ह्या वळणात पिढ्यानपिढ्या वाचल्या गेल्या. म्हणून तसल्या वळणाचं अक्षर दिसलं की मराठी माणसाच्या डोक्यात आपोआप पोथी, पंचांग, देवघर येते. त्याच्यात काही जादू नाही, डोळ्याची सवय आहे. तसंच मंगल फॉन्टचं. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या माणसाने तो काढला, पण विंडोजसोबत फुकट आला आणि वर्षानुवर्षं प्रत्येक सरकारी पत्रावर दिसला, त्यामुळे आज मंगल पाहिला की लोकांना शासकीय परिपत्रकच आठवते. हा त्या फॉन्टाचा दोष थोडीच आहे. पण हॉटेलच्या मेन्यूला तुम्ही मंगल लावला तर सावजी रस्सा तहसील ऑफिसातून आल्यासारखा वाटेल, हे मात्र खरं.

मूड चुकला की काय होते ह्याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ४ जुलै २०१२. सर्न ह्या युरोपातल्या संशोधन केंद्रात हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याची घोषणा झाली, अन् एका टीमच्या स्लाइड्स होत्या कॉमिक सॅन्समध्ये. हा फॉन्ट व्हिन्सेंट कोनारे नावाच्या डिझायनरने मायक्रोसॉफ्टसाठी काढला होता, एका कार्टून कुत्र्याच्या तोंडचे संवाद पाहून त्याला तो सुचला. झालं, विज्ञानातला एवढा मोठा शोध आणि अर्ध इंटरनेट फॉन्टवरच बोलून राहिलं होतं.

आधी फॉन्टाला मराठी येते का ते पाहा

मूडबीड नंतर. ही परीक्षा पहिले घ्या, कारण दिसायला कितीही देखणा फॉन्ट असला तरी "वऱ्हाडी" नीट लिहिता येत नसेल तर आपल्या भागात त्याचा काय उपयोग? बहुतेक फॉन्ट बनतात हिंदी डोळ्यासमोर ठेवून, आणि हिंदीत हा अर्धा र लागतच नाही. मग "वऱ्हाडी"चं "वर्‌हाडी" होते नाहीतर रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे कधी फॉन्टमुळे होते, कधी टाइप करणाऱ्यामुळे. मोबाईलच्या बऱ्याच कीबोर्डवर र वर बोट दाबून ठेवलं की नुक्ता असलेला ऱ मिळतो, त्याला पाय मोडून पुढं ह किंवा य टाइप करायचा, की बरोबर येते.

मी नवीन फॉन्ट हाती आला की एवढी ओळ टाइप करतो: "वऱ्हाडी पोऱ्या, लक्ष्मी, श्रीकृष्ण, ॲड., ऑफिस, उद्घाटन, क्रूर, रुपया, रूप, ळ, १५८९." ह्याच्यात सगळं येते. ॲ कितीतरी जुन्या फॉन्टात नसतोच, तिथं चौकोनी डबा दिसतो, आणि नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ असल्यामुळे ॲड. हे दोन अक्षर रोज लागतात, प्रत्येक दुसऱ्या पत्रिकेत एक तरी वकील असतेच. "क्रूर"मध्ये ऊकार क च्या पायात अडकतो का पाहा. रु आणि रू मधला फरक लहान साइझमध्ये दिसतो का तेही पाहा.

मग ल आणि श. मराठीचा ल पाकळ्यांचा, आणि श देठाचा. हिंदीतला ल दंडाचा, श गाठीचा. राज्य सरकारने वर्णमालेबद्दल ६ नोव्हेंबर २००९ ला शासन निर्णय काढला, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो सुधारला, त्याच्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श स्पष्टच धरला आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलवर प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या कोडच्या यादीत, ह्या दोन्ही रूपांना वेगवेगळे कोड नाहीत, त्यामुळे कोणतं दिसेल ते फॉन्ट ठरवतो. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं आतच असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडली की बदलतात. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी करा, वेबसाइट बनवणाऱ्या पोराला सांगा की पानाची भाषा मराठी टाक, हिंदी नको. सरळ मराठी वळण पाहिजे तर टिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो. नागपुरात निम्मी पाटी हिंदीत अन् निम्मी मराठीत वाचायची सवय असल्यामुळे लोकांना दंडाचा ल खटकत नाही, मान्य आहे, पण शाळेचं काही काम असेल, लहान पोरांचं अक्षरओळखीचं पुस्तक असेल तर ह्याच्यात अजिबात तडजोड करू नका, पोरगं वर्गात फळ्यावर एक ल शिकते अन् पुस्तकात दुसराच पाहते.

लग्नाची पत्रिका

ह्याच्यावर जरा थांबू कारण सगळ्यात जास्त फॉन्टांचा चिवडा इथंच होते. पत्रिकेत वरती गणपतीचं किंवा कुलदैवताचं नाव, मग श्लोक, मग वधूवरांची नावं, मग आईवडील, मग तारीख-मुहूर्त-हॉल, मग "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" वाली लहान लेकरांची ओळ, मग प्रेषक, आणि लोकं प्रत्येक गोष्टीला वेगळा फॉन्ट मागतात.

शोभेचा फॉन्ट म्हणजे पोह्यावरची तर्री, थोडी पडली तर चव येते आणि वाटीभर ओतली तर खाली पोहे होते का काय तेच दिसत नाही. शोभेचं अक्षर फक्त एका जागी, "शुभविवाह" ह्या शब्दाला किंवा नवरा-नवरीच्या नावांना, दोन्हींला नको. बाकी सगळा मजकूर एकाच शांत फॉन्टात, हवं तर दोन वजनांत, म्हणजे कमी-जास्त जाडीत. पारंपरिक घर असेल, सोनेरी-मरून कार्ड असेल तर बाकी मजकुराला टिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी, जाड-बारीक रेघेचे. मोठ्या नावांना रोझा वन उठून दिसतो, त्याच्यात जाड रेघ खूप जाड आणि बारीक खूप बारीक आहे, पण म्हणूनच तो लहान साइझला चुकूनही लावू नका, बारीक रेघा छापताना उडतात, सोनेरी फॉइलमध्ये तर हमखास. पोरा-पोरीने स्वतःच ठरवलेलं साधं, रजिस्टर लग्न अन् नंतर रिसेप्शन, अशी पत्रिका असेल तर मुक्ताचं हलकं वजन किंवा गोतू, आणि मोकळी जागा भरपूर सोडा. "मंगल परिणय" वाली बौद्ध पद्धतीची पत्रिका असेल तर तिला उगाच पोथीचं वळण लावायची गरज नाही, पांढऱ्यावर निळं, सारख्या जाडीचं स्वच्छ अक्षर जास्त शोभते. लोकांच्या डोळ्यांनी ह्या पत्रिका अशाच पाहिल्या आहेत, त्या सवयीचा मान ठेवा.

आणि काही झालं तरी तारीख, वार, वेळ, हॉलचं नाव हे शोभेच्या फॉन्टात नको. पाहुणा पत्रिका उघडतो, नावं एकदा वाचतो, आणि त्यानंतर ज्या ज्या वेळी उघडतो त्या त्या वेळी फक्त हॉल कुठं आहे तेच शोधत असतो, आणि ते वाचणारे बरेचदा साठीच्या वरचे काका असतात ज्यांचा चष्मा गाडीत राहिलेला असतो. तो भाग पत्रिकेतल्या बाकी मजकुरापेक्षा दोन पॉइंट मोठा अन् मधल्या वजनाच्या बोल्डमध्ये ठेवा.

तेरवीचं कार्ड, श्रद्धांजली

इथं कमीत कमी. एक फॉन्ट, एक वजन, फक्त नाव थोडं मोठं. गोल कडांचे फॉन्ट अजिबात नको, "भावपूर्ण श्रद्धांजली" बालूमध्ये पाहिली आहे मी चौकात, वाढदिवसाचा फ्लेक्स वाटत होता. सावली, आउटलाइन, ग्रेडियंट काही नको. "श्रद्धांजली"मधला द्ध नीट जोडलेला आहे का तेवढं पाहून घ्या, बरेच फॉन्ट तिथं द ला पाय मोडून ध बाजूला ठेवतात. ते चूक नाही पण मोठ्या अक्षरात फार तुटक दिसते.

अर्ज, निवेदन, कोर्टाचे कागद

इथं फॉन्ट निवडायचं स्वातंत्र्य आहे असं समजूच नका, पहिले नियम शोधा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये काढलेल्या सूचनेत ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन, साइझ १४ आणि दीड लाइन स्पेसिंग असं सरळ लिहून दिलं आहे. आपल्या इथल्या कोर्टात, विद्यापीठात थिसिस देताना, भरतीच्या फॉर्ममध्ये त्यांचे त्यांचे नियम असतात, ते ज्याच्या हातात कागद द्यायचा त्यालाच विचारा. जिथं नियम नाही तिथं मंगल, निर्मला किंवा नोटो सॅन्स देवनागरी, साइझ १२ ते १४, संपलं. मघा मी मंगलवर बोललो पण इथं त्याची तीच ओळख तुमच्या कामाची आहे, वाचणाऱ्याला तो फॉन्ट दिसत पण नाही, सरळ मजकूर दिसतो.

डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मोर्चे येतात, त्यांचं निवेदन वेगळं आणि हातातले फलक वेगळे हे लक्षात ठेवा. निवेदन मंत्र्याच्या टेबलावर जाते, तिथून खाली विभागात जाते, त्याची झेरॉक्स निघते, त्या झेरॉक्सची झेरॉक्स निघते, म्हणून त्याला मध्यम जाडीचं, सारख्या रेघेचं अक्षर पाहिजे. बारीक रेघेचे फॉन्ट तिसऱ्या झेरॉक्सला मरतात. फलकाचं पुढं सांगतो.

बायोडाटा आणि रेझ्युमे, दोन्हींना हिंद किंवा मुक्ता पुरते. लग्नाच्या बायोडाट्यावर फुलांची वेल आणि नक्षीदार फॉन्ट टाकायची फार हौस असते लोकांना, करा, पण फक्त वरच्या ओळीला. अन् जुन्या तारखेचे कागद नव्याने टाइप करायची कोणाला खुमखुमी असेल तर सांगून ठेवतो, पाकिस्तानात २०१७ मध्ये नवाझ शरीफांच्या केसमध्ये २००६ ची तारीख टाकलेला कागद कॅलिब्रीमध्ये निघाला, आणि कॅलिब्री सगळीकडे आला ऑफिस २००७ सोबत. चौकशीत फॉन्टावरूनच कागदावर संशय घेतला गेला.

फ्लेक्स, दुकानाची पाटी, फलक

पाटीचा हिशोब अंतरावर चालतो. पाट्या बनवणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे, दर दहा फुटांमागे एक इंच अक्षराची उंची, म्हणजे पन्नास फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर पाच इंच. हा नियम इंग्रजी कॅपिटल अक्षरांवर बसवलेला आहे, आपल्या अक्षरात वर-खाली मात्रा उकार असतात त्यामुळे मी पाच इंच फक्त मधल्या अक्षराचा मोजतो, शिरोरेघेपासून खालपर्यंत, मात्रा सोडून. आता सीताबर्डीच्या मेन रोडवर पाटी असेल तर समोरचा माणूस गर्दीतून चालत जातोय, त्याच्याजवळ पाहायला वेळ आहे. रिंग रोडवरच्या धाब्याच्या पाटीला दोन सेकंद मिळतात. त्याच्यामुळे बर्डीच्या साडीच्या दुकानाला थोडं नखरेल, वळणदार अक्षर चालते, धाब्याला नाही.

ठळक लागते म्हणून लोकं सगळ्यात जाड फॉन्ट घेतात, आणि तिथंच फसतात. देवनागरी जास्त जाड केली की आतल्या पोकळ्या बुजतात, लांबून घ चा ध अन् भ चा म वाटायला लागतो. मोदक नावाचा फॉन्ट मुद्दाम असाच आहे, गुबगुबीत, आतली जागा जवळपास शिल्लकच नाही, मिठाईच्या डब्यावर दोन अक्षरं टाकायला फारच गोड, पण "कृपया येथे वाहन उभे करू नये" त्याच्यात लिहून पाहा. पाटीला मुक्ता किंवा हिंदचं बोल्ड पुरते, जागा कमी अन् नाव लांब असेल तर तेको-खांड, किंवा अनेक हा फॉन्ट घ्या, त्याची रुंदी पाहिजे तशी कमी-जास्त करता येते. फ्लेक्सवाला पोरगा कोपरा धरून अक्षर दाबतो ना, तसं करू नका, दाबलं की उभ्या रेघा बारीक अन् आडवी शिरोरेघ जाडच राहते, अक्षर आजारी दिसते.

जुन्या रंगवलेल्या पाटीचा फील पाहिजे, म्हणजे चहाची टपरी, सावजी भोजनालय, असं काही, तर यात्रा वन आहे, तो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून काढला आहे. पण खरं सांगू, इतवारी-महालात अजून एखादा ब्रशने पाटी रंगवणारा पेंटर सापडत असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या. मराठीत अक्षर काढून शब्दाचा मूड उभा करणारे कमल शेडगे होऊन गेले, नाटकांची नावं त्यांनी अशी काढली की जाहिरात पाहूनच नाटक विनोदी आहे का गंभीर ते समजायचं. तेवढं कोणत्याच तयार फॉन्टात मिळणार नाही, कारण फॉन्टात प्रत्येक क सारखाच येते.

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे ते मोठाले पुतळे, पाहा. महागाईवर, पुढाऱ्यांवर टोमणे मारणारे फलक असतात त्यांच्यासोबत, आणि ते जितके खडबडीत हाताने लिहिलेले तितके झोंबतात. तेच वाक्य पॉपिन्समध्ये नीट सेंटर करून छापलं तर बँकेची जाहिरात वाटेल. मोर्च्याच्या फलकालाही हेच, चार शब्दांच्या वर जाऊ नका अन् हाताने लिहिता येत असेल तर हातानेच.

उलट धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जे मदतीचे बोर्ड लागतात, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, बस कुठून सुटते, ते वाचणारा माणूस कुठून कुठून प्रवास करून आलेला असते, थकलेला असते, कडेवर लेकरू असते, आणि सगळ्यांना मराठी येतच असं नाही. तिथं मूड गेला खड्ड्यात. एकच साधा फॉन्ट ज्याच्यात देवनागरी अन् रोमन दोन्ही एकाच हातचे आहेत, म्हणजे मुक्ता, हिंद असे, त्याच्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ओळी लिहा, आणि बाण मोठा काढा. देवनागरी एका फॉन्टात अन् इंग्रजी दुसऱ्याच कोणत्या असं केलं की बोर्ड दोन जणांनी भांडून लिहिल्यासारखा दिसते.

सोसायटीची नोटीस, "लिफ्ट बंद आहे", "उद्या नळ येणार नाही", ह्याला काहीही लावा, फक्त मोठं लावा.

फॉन्ट बरोबर निवडूनही बिघडते कुठं

साइझ पहिले. तोच १२ पॉइंट देवनागरीत इंग्रजीपेक्षा लहान वाटतो, कारण त्याच उंचीत मात्रा अन् उकारांना पण जागा द्यायची असते. म्हणून मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा दोन पॉइंट वर ठेवायचा, आणि लाइन स्पेसिंग दीडच्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

वर्डमध्ये एक भानगड आहे जिच्यावर लोकं तासन्‌तास डोकं आपटतात. मराठी सिलेक्ट करून फॉन्ट बदलला, काहीच झालं नाही. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणून वेगळं धरते, आणि तिचा फॉन्ट अन् साइझ वेगळ्या ठिकाणी ठेवते. कंट्रोल डी दाबा, फॉन्टची खिडकी उघडते, त्याच्यात कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा रकाना आहे, तिथं बदला. जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसत असेल तर प्रेफरन्समध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट चालू करा, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोजर.

लेटर स्पेसिंग वाढवू नका, म्हणजे नकाच. इंग्रजीत अक्षरं लांब लांब ठेवली की ऐटदार दिसतात, ते पाहून आपले डिझायनर मराठीतही करून राहिले आणि शिरोरेघेचे तुकडे तुकडे होतात. अंडरलाइन पण नको, ती उकार कापत जाते. इटालिक आपल्या लिपीत परंपरेने नाहीच, सॉफ्टवेअर फक्त अक्षराला ढकलून तिरपं करते. कॅपिटलही नाही. म्हणजे एखादा शब्द उठावदार करायचा तर वजन, रंग किंवा साइझ, ह्या तीनपैकी एक, एका वेळी एकच. ह्याच कारणाने फॉन्ट घेताना त्याची वजनं मोजा. मुक्तात सात आहेत, हिंदमध्ये पाच, आणि एकच वजन असलेला फॉन्ट घेतला तर बोल्डचं बटण दाबल्यावर सॉफ्टवेअर खोटं बोल्ड बनवते, कडेने चरबी लावल्यासारखं.

लांब मजकूर, म्हणजे स्मरणिका, मंडळाचा अहवाल, कवितासंग्रह असं काही असेल तर मार्टेल पाहा, नाहीतर टिरो, दोन्ही पानंच्या पानं वाचायला डोळ्याला त्रास देत नाही. मोबाईलवर वाचायचं असेल तर मात्र जाड-बारीक रेघेपेक्षा सारख्या रेघेचा, कारण स्वस्त फोनच्या स्क्रीनवर उन्हात, अन् आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, बारीक रेघ दिसतच नाही.

हे वर सांगितलेले मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बालू, कलम, तेको, खांड, टिरो, मार्टेल सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. डीटीपीच्या दुकानात मात्र अजून श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट चालतात. त्यांच्यात मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली आहेत, त्यामुळे तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथं तुमची पत्रिका चिन्हांची खिचडी दिसते. दुकानदाराला मजकूर युनिकोडमध्ये द्या, तो कन्व्हर्टर लावून त्याच्या फॉन्टात नेईल, पण कन्व्हर्ट झाल्यावर ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि अवतरणचिन्हं ह्यांच्यावर बोट ठेवून ठेवून पाहा, गाडी तिथंच घसरते.

तुम्ही स्वतः बनवून नेत असाल तर वर्डची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवूच नका, पीडीएफ करून पाठवा, फॉन्ट तिच्यात बांधला जातो. मग छापायच्या आधी खऱ्या साइझची एक प्रिंट मागा, स्क्रीनवर मोठी करून पाहिलेली चालत नाही. पत्रिका असेल तर ती प्रिंट हातभर लांब धरून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला हॉलचं नाव वाचायला सांगा. फ्लेक्स असेल तर त्याचा लहान फोटो मोबाईलवर अंगठ्याएवढा करा, तेव्हाही नाव वाचता आलं तर छापायला द्या.